१८५/६५ च्या जागी १९५/६५ चालेल का? टायरवरचे आकडे कसे वाचायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडीवर १८५/६५ आर १५ ८८ एच टायर आहेत आणि चारही बदलायला झालेत. ती साइज दुकानात शिल्लक नाही. दुकानदार म्हणतो, ‘१९५/६५ आर १५ घ्या, एकच नंबर मोठा आहे, पकड उलट चांगली मिळेल.’ दुसऱ्या दुकानात १८५/६० आर १५ ८४ टी तयार आहे. शिवाय घरात कुणीतरी म्हणतंय की एवढा खर्च करायचाच तर १६ इंची अलॉय घालून टाकू. यातलं काय घ्यावं?

आधी उत्तर देतो. १९५/६५ तुमच्या गाडीच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला असेल तर बिनधास्त घ्या, नसेल तर मूळ साइजसाठी चार दिवस थांबा. १८५/६० ८४ टी घेऊ नका. १६ इंची चाकं घालता येतील, पण त्यात वजनाचा एक आकडा असा आहे की तो न पाहता घेतलात तर गाडी पूर्वीपेक्षा कमकुवत टायरवर उभी राहील. हे तिन्ही टायर कुठल्या ना कुठल्या रिमवर बसतात. माझं सगळं काम याच एका फरकावर चालतं: टायर रिमवर बसणं वेगळं आणि गाडीला चालणं वेगळं. दुकानदाराने ‘बसेल’ म्हटलं तर तो खोटं बोलत नाही, पण तेवढ्यावर पाकीट काढू नका.

सुरुवात जुन्या टायरपासून करू नका, गाडीपासून करा. ड्रायव्हरचं दार उघडलं की दाराच्या खांबावर एक स्टिकर दिसतो. काही गाड्यांत तो इंधनाच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर टायरची साइज आणि पुढच्या-मागच्या चाकांतली हवा छापलेली असते, बऱ्याचदा दोन-तीन साइजही दिलेल्या असतात. गाडीला काय लागतं ते हा स्टिकर सांगतो. जुना टायर फक्त एवढंच सांगतो की मागच्या वेळी कुणीतरी काय घातलं होतं. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, वापरलेली गाडी घेतलेली. ‘आहे तीच साइज द्या’ म्हणाले. सवयीने दार उघडून पाहिलं, तर स्टिकरवर वेगळीच साइज. पहिल्या मालकाने बदललेली साइज यांनी एकदा तशीच पुढे नेली होती आणि आता दुसऱ्यांदा तोच टायर मागत होते. गाडी दोन टायरसंच चुकीच्या साइजवर चालली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणून तुमचं १८५/६५ सुद्धा आधी स्टिकरशी ताडून बघा.

आता आकडे. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ही जमिनीला टेकणाऱ्या नक्षीची रुंदी नव्हे. एका साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, बाहेरच्या बाजूपासून दुसऱ्या साइडवॉलच्या बाहेरच्या बाजूपर्यंतचं ते माप आहे, आणि तेही ठरावीक रुंदीच्या रिमवर चढवून हवा भरल्यावरचं. पट्टी घेऊन नक्षी मोजली तर ती कमीच भरते. ‘आम्हाला अरुंद टायर दिला’ अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण तिथेच चुकलेले असतात.

६५ हे माप नाही, टक्केवारी आहे. रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे साइडवॉलची उंची. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण हा आकडा एकटा कधीच वाचायचा नसतो. १८५/६५ आणि १९५/६५ मध्ये ६५ तोच असला तरी साइडवॉल तेवढीच राहत नाही. १९५ चे ६५ टक्के १२६.७५ मिमी होतात. म्हणजे ‘एकच नंबर मोठा’ म्हणून दिलेला टायर रुंदही झाला आणि उंचही झाला.

आर म्हणजे रेडियस नव्हे. हा समज इतका पसरलाय की टायरच्या धंद्यातली माणसंही कधीकधी तसं सांगतात. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतले धागे एका बीडपासून (रिमला धरून बसणारी तारेची कड) दुसऱ्या बीडपर्यंत आडवे सरळ जातात ती रचना. मिशेलिनने १९४६ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि आज जवळपास सगळ्या मोटारींचे टायर याच रचनेचे असतात. त्यापुढचा १५ हा रिमचा व्यास, इंचात. तो व्यास आहे, त्रिज्या नाही.

एवढ्यावर टायरची पूर्ण उंची काढता येते. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. त्यात साइडवॉल दोनदा मिळवायची, एकदा वर, एकदा खाली: ३८१ + १२०.२५ + १२०.२५ = ६२१.५ मिमी. तुमच्या गाडीसाठी मुख्य आकडा हाच. स्पीडोमीटर, गिअरचं गुणोत्तर, मडगार्डच्या आतली जागा, सगळं या ६२१.५ वर बेतलेलं आहे. पर्यायी टायर तपासताना मी कॅल्क्युलेटरवर आधी हाच हिशेब करतो:

१९५/६५ आर १५: ६३४.५ मिमी, २.१ टक्के मोठा.
१८५/६० आर १५: ६०३ मिमी, सुमारे ३ टक्के लहान.
१९५/६० आर १५: ६१५ मिमी, १ टक्का लहान.
१९५/५५ आर १६: ६२०.९ मिमी, जवळजवळ तंतोतंत.

माझ्या कामात मी लहान बाजूला दोन टक्के आणि मोठ्या बाजूला दीड टक्का यापलीकडे जात नाही. पुष्कळ जण तीन टक्के धरतात. मोठ्या बाजूला मी जास्त कडक असतो, त्याचं कारण स्पीडोमीटर. युरोपसह पुष्कळ देशांत लागू असलेला संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा वाहन-नियम सांगतो की स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, जास्त दाखवला तर मर्यादेत चालेल. त्यामुळे कंपन्या काटा थोडा पुढेच ठेवतात. मोठा टायर घातला की ही राखीव जागा खाल्ली जाते. आज काटा १०० वर असताना गाडी जेवढी धावते, त्याहून १९५/६५ वर ती २.१ टक्के जास्त धावेल, काटा मात्र १०० वरच राहील.

याच हिशेबातून एक तक्रार नेहमी येते: ‘मोठे टायर घातले आणि ॲव्हरेज पडलं.’ काही प्रमाणात ते खरं असतं, टायर जड आणि रुंद झालेला असतो. पण काही भाग नुसता कागदावरचा असतो. चाक मोठं झालं की तेवढ्याच रस्त्याला त्याचे फेरे कमी होतात, आणि गाडी किलोमीटर मोजते ते फेऱ्यांवरून. कागदी हिशेबाने ६२१.५ मिमीचं चाक एका किलोमीटरला ५१२ फेरे घेतं, ६३४.५ मिमीचं ५०२. खरे १०,००० किलोमीटर धावल्यावर मीटर ९,७९५ च्या आसपास दाखवेल. इंधन १०,००० चं जळालं आणि भागाकार ९,७९५ ने केला, तर आकडा पडणारच.

आता जागेचा प्रश्न. गाडी सरळ उभी असताना वाकून मडगार्डमध्ये हात घातला तर भरपूर जागा दिसते आणि माणूस फसतो. टायर घासतो तो स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना, गाडी भरलेली असताना, खड्ड्यात चाक वर उचललं गेल्यावर. एक गाडी आली होती, तक्रार अशी की घरातले सगळे बसले आणि रिव्हर्स घेत वळवली की ‘घर्र’ आवाज येतो, एकट्याने चालवताना काहीच नाही. आधीच्या कारागिराने ब्रेक बघितले होते, बेअरिंग बदललं होतं. मी स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. मडगार्डच्या आतल्या काळ्या प्लॅस्टिकवर अर्धचंद्राच्या आकाराचा तळहाताएवढा पट्टा घासून चकचकीत झाला होता. टायरच्या आतल्या खांद्यावरही बोटाच्या रुंदीची गुळगुळीत रेघ गोलभर फिरलेली. फक्त डाव्या पुढच्या चाकाला, कारण तिथलं अस्तर क्लिप निघाल्याने थोडं लोंबत होतं. टायर एकच साइज मोठा होता. मूळ साइजवर तेच लोंबतं अस्तर कदाचित कधीच घासलं नसतं, कारण कंपनीने सोडलेली जागा असल्याच गोष्टींसाठी असते.

म्हणून १९५/६५ बद्दल माझं मत असं: तो मडगार्डला घासेलच असं नाही, पुष्कळ गाड्यांवर घासत नाहीही. पण कंपनीने तुमच्या मॉडेलला तो दिला नसेल, तर ती राखीव जागा तुम्ही कशाच्या बदल्यात देताय? १० मिमी रुंदीने पकडीत जो फरक पडेल त्याहून मोठा फरक चांगल्या रबराचा १८५ घेतल्याने पडेल, विशेषतः ओल्या रस्त्यावर. पाण्याचा थर जास्त असेल तर रुंद टायर उलट लवकर तरंगतो.

थांबणं खरंच शक्य नसेल तर माझी निवड १९५/६० आर १५ ८८ एच. उंचीत एक टक्का कमी, वजनाचा आकडा तोच. अट एकच: रिमची रुंदी.

ती रुंदी रिमवरच कोरलेली असते, अलॉय असेल तर बहुधा एखाद्या दांडीच्या मागच्या बाजूला, ‘५.५ जे × १५’ अशी. यातलं ५.५ म्हणजे इंचातली रुंदी. १८५/६५ ला ५ ते ६.५ इंच रुंदीची रिम चालते, तर १९५/६० आणि १९५/६५ दोघांनाही किमान ५.५ लागते. तुमची रिम ५ इंची निघाली तर हे दोन्ही पर्याय तिथेच संपतात. अरुंद रिमवर रुंद टायर चढतो, हवाही धरतो, पण साइडवॉल फुग्यासारख्या बाहेर येतात आणि वळणावर गाडी आधी टायरवर डोलते, मग वळते. रिम अर्धा इंच बदलली की टायरची प्रत्यक्ष रुंदी साधारण ५ मिमीने बदलते, त्यामुळे ५.५ च्या रिमवर १९५ चा टायर पुरता १९५ भरतही नाही.

आता ८८ कडे या. साइज सगळे विचारतात, हा आकडा क्वचितच कुणी विचारतं, आणि माझा सगळा आग्रह इथेच आहे. तो वजनाचा निर्देशांक आहे. ८८ म्हणजे योग्य हवेवर एक टायर ५६० किलो पेलतो. हे किलो नाहीत, तक्त्यातला क्रमांक आहे: ८४ म्हणजे ५००, ८७ म्हणजे ५४५, ९१ म्हणजे ६१५, ९२ म्हणजे ६३०. दिसायला ८८ आणि ८४ मध्ये चारचाच फरक, पण प्रत्यक्षात प्रत्येक चाकामागे ६० किलो गेले, म्हणजे प्रत्येक चाकावर एक धडधाकट माणूस. ‘चार टायरचे दोन हजार किलो होतात, गाडी एवढी जड कुठे आहे?’ असं कुणी म्हणेल. पण वजन चार चाकांवर सारखं वाटलेलं नसतं. ब्रेक मारला की ते पुढे येतं, वळणावर बाहेरच्या चाकांवर जातं, डिकी भरली की मागे बसतं. कमी पडणारा टायर लगेच फुटत नाही. तो प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, जास्त तापतो, आणि आतले थर हळूहळू सुटायला लागतात. मग कधीतरी उन्हाच्या लांब प्रवासात, गाडी भरलेली असताना, त्याचा हिशेब चुकता होतो. म्हणून ८४ वाला टायर नको म्हटलं. त्याची ३ टक्के कमी उंची मी एकवेळ सहन केली असती, वजन नाही.

वजनाच्या आकड्याबरोबर ‘एक्सएल’ किंवा ‘एक्स्ट्रा लोड’ असं लिहिलेलं दिसलं तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. साध्या टायरची पूर्ण क्षमता २.५ बार हवेवर धरलेली असते, एक्सएलची २.९ वर. म्हणजे सुमारे ३६ पीएसआय आणि ४२ पीएसआय. एक्सएल टायरमध्ये साध्या टायरएवढीच हवा ठेवली, तर तो साधारण साध्या टायरएवढंच वजन पेलतो. वरची ताकद हवेतून येते, नुसत्या शिक्क्यातून नाही.

हे कळलं की १६ इंची चाकांचा प्रश्न सोपा होतो. १९५/५५ आर १६ उंचीला तुमच्या टायरशी अर्ध्या मिलिमीटरने जुळतो, कागदावर सुंदर. पण साइडवॉल १२० वरून १०७ मिमीवर आली, आतली हवेची जागा कमी झाली, आणि म्हणून या साइजचा साधा टायर ८७ चा येतो: ५४५ किलो. तुमच्या ८८ पेक्षा एक पायरी खाली. त्याचाच एक्सएल ९१ चा येतो, तो घ्या, आणि हवा स्टिकरपेक्षा थोडी जास्त ठेवा. किती, ते टायर कंपनीच्या वजन-हवेच्या तक्त्यावरून ठरवा, अंदाजाने नको. कुणी उत्साहाने २०५/४५ आर १७ सुचवलं तर पाहा: साधा टायर ८४ वर येतो, आणि ८८ गाठायलाही एक्सएल लागतो. चाक जितकं मोठं आणि टायर जितका चपटा, तितकी हवा कमी आणि रिमला खड्ड्याचा मार जास्त. खराब रस्त्यावर रोजचं जाणं-येणं असेल तर मी तुम्हाला १५ वरच राहायला सांगेन. नवी रिम घेतलीच, तर व्यास आणि रुंदीबरोबर नटांची संख्या, नटांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचं माप आणि ‘ईटी’ (रिम हबवर जिथे टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे) हा आकडाही मूळ रिमशी जुळवा. ईटी कमी असला की चाक तितके मिलिमीटर बाहेर येतं आणि मडगार्डच्या कडेला लागतं.

एच हे अक्षर वेगाचं: टी १९०, एच २१०, व्ही २४० किलोमीटर ताशी. ‘मी कधी शंभरच्या वर जात नाही’ हे मला रोज ऐकू येतं. अक्षर नुसत्या वेगाचं नाही, टायर उष्णता किती सोसतो त्याचंही आहे, आणि गाडीचं वळणावरचं वागणं त्या बांधणीवर जुळवलेलं असतं. वरचं अक्षर चालेल, खालचं नको.

रिमच्या व्यासाबाबत तडजोड शून्य. १५ वर १५ च. तुम्हाला वाटेल हे सांगायची गरज काय, पण जुन्या पिकअप गाड्यांत १६.५ इंची रिम असायच्या, आणि त्यांवर १६ इंची टायर चढवायच्या नादात माणसं जिवानिशी गेली आहेत. टायर ओढूनताणून चढतो, पण बीड जागेवर बसत नाही, कारण त्या रिमच्या बैठकीचा उतारच वेगळा असतो. बसत नाही म्हणून हवा वाढवत न्यायची, आणि बीडची तार तुटली की टायर तोंडावर फुटतो. मिशेलिनने १९७० च्या दशकात मिलिमीटरमध्ये मोजलेल्या रिमही काढल्या होत्या, टीआरएक्स नावाने. त्यातली ३९० मिमीची रिम इंचात १५.३५ भरते, तिच्यावर १५ चा टायर चालत नाही, १६ चाही नाही. जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्यांनी हे पाहून घ्यावं. त्यांच्यासाठी आणखी एक: १६५ आर १३ असं मधला आकडा नसलेलं लिहिलेलं दिसलं, तर तिथे साइडवॉल ८० ते ८२ टक्के धरायची.

चारऐवजी दोनच टायर बदलायचे ठरले तर साइज एका ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीवर, तरी तंतोतंत एकच हवी, कंपनी आणि नक्षीही तीच असावी. नवे दोन मागे घाला, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पाण्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की पुन्हा हाती येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं बहुतेकांना जमत नाही. चारही चाकांवर चालणारी गाडी असेल तर दोनाचा विचार नको. जुन्या-नव्या टायरच्या उंचीतला थोडा फरकही मधल्या यंत्रणेला सतत घासत ठेवतो.

नवा टायर रिमवर चढायच्या आधी जमिनीवर ठेवून स्वतः वाचा. साइज, ८८, एच. मग डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे: २३२२ असेल तर २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. चारही टायरवरची तारीख बघा, कधीकधी एकच जुना निघतो, आणि ती ओळ टायरच्या एकाच बाजूला पूर्ण छापलेली असते म्हणून उलटूनही पाहा. साइडवॉलवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने, ‘आउटसाइड’ लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर. साइडवॉलवर छापलेली कमाल हवा ही भरायची हवा नाही, भरायची ती स्टिकरवरची (वर सांगितलेला १६ इंची एक्सएलचा अपवाद सोडून). हवा भरून झाली की दुकानाच्या आवारातच स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून गाडी पुढे-मागे घ्या आणि आवाज ऐका. टायरमधली हवा चाकांच्या फेऱ्यांवरून ओळखणारी गाडी असेल तर ती यंत्रणा रिसेट करून घ्या.

आणि निघण्याआधी डिकी उघडून स्टेपनीवरची साइज वाचा. मूळ साइज ठेवली असेल तर ती बहुधा जुळेल. साइज बदलली असेल तर स्टेपनी आता बाकीच्या चाकांपेक्षा लहान किंवा मोठी आहे. ती फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत, सावकाश, आणि जमेल तर इंजिनाची ताकद न जाणाऱ्या ॲक्सलवर लावा. पंक्चर चालत्या ॲक्सलचं असेल तर दुसऱ्या ॲक्सलवरचं एक चाक काढून तिथे लावा आणि त्याच्या जागी स्टेपनी चढवा. दहा मिनिटं जास्त जातात, पण डिफरन्शियल (दोन्ही चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) वाचतो.